बियांपासून कॉसमॉस: ऊन भरपूर, खत बेताचे

कॉसमॉसचे झाड बिघडते ते बहुधा लाडामुळे. मूळच्या मेक्सिकोकडच्या या फुलझाडाला हलक्या, कमी कसाच्या जमिनीची सवय असते, आणि शेणखत घालून काळीभोर केलेल्या वाफ्यात ते लावले की पाला व उंची भरमसाट वाढते, कळ्या मात्र उशिरा आणि मोजक्याच धरतात. मी स्वतः एका वर्षी गुलाबासाठी तयार केलेल्या वाफ्यातच उरलेले बी टाकले होते. झाडे माझ्या खांद्यापर्यंत पोचली, पहिल्या जोरदार वाऱ्यात आडवी झाली आणि तोपर्यंत त्यांच्यावर एकही फूल उमललेले नव्हते.

बी घेण्यापूर्वी प्रकार ठरवावा. पांढरी, गुलाबी आणि गडद किरमिजी फुले देणारा, बारीक चिरलेल्या पानांचा प्रकार म्हणजे कॉसमॉस बायपिनेटस. त्याच्या उंच जाती सव्वा ते दीड मीटरपर्यंत जातात, तर ठेंगण्या जाती अर्ध्या-पाऊण मीटरवर थांबतात आणि कुंडीसाठी त्याच बऱ्या. पिवळी व नारिंगी फुले येणारा कॉसमॉस सल्फ्युरियस हा वेगळा प्रकार असून त्याची पाने रुंद असतात आणि कडक उन्हाळा तो अधिक सहजपणे सोसतो.

जागा निवडताना दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन आणि पाण्याचा निचरा, या दोन गोष्टी पाहाव्यात. जमीन वीतभर खोल खणून भुसभुशीत करावी. माती अगदीच चिकट असेल तर थोडी वाळू व मूठ-दोन मूठ जुने कंपोस्ट मिसळावे, पण त्यापुढे जाऊ नये. युरियासारखे नत्रयुक्त खत तर दूरच ठेवावे.

कॉसमॉसचे बी काळपट तपकिरी, सुईसारखे बारीक, किंचित वाकलेले आणि साधारण सेंटिमीटरभर लांब असते. ते हाताळायला सोपे असल्यामुळे एकेक करून हवे तिथे टाकता येते. थंडीचे कडाके संपल्यावर, माती उबदार झाली की बी थेट वाफ्यात पेरावे, कारण दव गोठवणारी थंडी या रोपांना सहन होत नाही. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकून वर मातीचा पातळ थर पसरावा आणि बारीक छिद्रांच्या झारीने पाणी घालावे. जोराच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. वीस ते चोवीस अंश सेल्सिअस तापमानात ७ ते १० दिवसांत अंकुर वर येतात. ट्रेमध्ये रोपे करायची असल्यास पुनर्लागण लवकर करावी, कारण ट्रेमध्ये रखडलेली रोपे उंच आणि लुळी होतात.

उगवल्यावर प्रथम दिसतात ती दोन अरुंद, लांबट, अगदी साधी बीजपत्रे. बायपिनेटसची खरी पाने त्यानंतर येतात आणि ती शेपूच्या पाल्यासारखी दिसतात. ही पाने ओळखता येईपर्यंत वाफ्यातील तण काढण्याची घाई करू नये, नाहीतर तणाबरोबर रोपेही उपटली जातात. रोपे बोटभर उंच झाली की विरळणी करून दोन झाडांमध्ये ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. चांगली रोपे उपटून टाकणे जिवावर येते हे खरे, परंतु दाट लावलेल्या झाडांत हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी लवकर पडते.

झाड वीत-सव्वा वीत उंच झाल्यावर सर्वांत वरचा शेंडा, पानांच्या जोडीच्या लगेच वर, नखाने खुडावा. त्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात, झाड डेरेदार होते आणि फुले आठवडाभर उशिरा येत असली तरी संख्येने कितीतरी अधिक येतात. उंच जातींना याच वेळी काठीचा आधार द्यावा; झाड कलल्यावर दिलेल्या आधाराने ते सरळ होण्याऐवजी बहुधा मोडते. मुळे धरेपर्यंत नियमित पाणी द्यावे, पुढे मात्र वरची माती सुकल्यावरच. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढला तरी बहुतेक वेळा भागते.

पेरणीनंतर सुमारे ८ ते १० आठवड्यांत फुले येऊ लागतात. रात्र मोठी होऊ लागली की कॉसमॉसला कळ्या लवकर धरतात, म्हणून मोठ्या दिवसांच्या काळात पेरलेली झाडे फुलण्याआधी अधिक उंच वाढलेली दिसली तर काळजीचे कारण नाही. सुकलेली फुले देठासह, खालच्या पानापर्यंत कापत राहावे. एकदा बी धरू लागले की झाड नवी कळी काढण्याचे मनावर घेत नाही.

हंगामाच्या शेवटी चांगल्या झाडांवरची काही फुले तशीच राखावीत. बी मधल्या पिवळ्या चकतीत धरते, भोवतीच्या पाकळ्या निव्वळ शोभेच्या असतात. पाकळ्या गळून चकती तपकिरी झाली आणि बिया चांदणीसारख्या बाहेर फाकल्या की कोरड्या दिवशी त्या खुडून कागदावर आठवडाभर सावलीत सुकवाव्यात आणि कागदी पाकिटात भरून वर रंग व वर्ष लिहावे. संकरित जातीचे बी मात्र मूळ झाडासारखेच निघेल असे नाही, म्हणून त्या पाकिटावर तशी खूण करून ठेवावी.