थंडीतल्या सायकल रेसला ऑफिशियल म्हणून पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून निघा

आपल्याकडे सायकल रेसचा सीझन म्हणजे हिवाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात पोरांना कोण पळवणार? त्यामुळे जिल्हा संघटनेकडे नाव दिलं की पहिलं बोलावणं बहुतेक डिसेंबर-जानेवारीतलंच येतं, आणि नवीन मंडळी एक स्वेटर टाकून निघतात, खान्देशात कसली आलीय थंडी म्हणून. अरे भो, धुळ्याचा पारा कधी कधी ६ पर्यंत उतरतो आणि तोरणमाळ तर हजार मीटरच्याही वर आहे. रेसवाला निदान पायडल मारून गरम होतो, आपल्याला मात्र पहाटेपासून एका जागी उभं राहायचं असतं, म्हणून सगळी तयारी उभं राहण्याची करायची, फिरायला जायची नाही.

घाटातल्या रेसला मी जळगावहून सुरत लाइनच्या गाडीने जातो, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, पुढे शहादा आणि मग घाट. रेसच्या दिवशी पहाटे पोहोचू हा विचार डोक्यातून काढून टाका. दत्तजयंतीच्या आसपास सारंगखेड्याला यात्रा आणि घोडेबाजार भरतो, तेव्हा दोंडाईच्याकडून रोडने येणारे तापीच्या पुलापाशी बसतात अडकून. आणि हा उसाचा हंगाम, अंधारात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, वर ऊस बाहेर आलेला. रेसच्या रूटसाठीही हीच भीती असते, म्हणून आदल्या दिवशी रूट बघताना उसाच्या गाड्या कुठून रोडवर चढतात ते लिहून घ्या आणि तिथे मार्शल, म्हणजे रेस जाताना रोड अडवून धरणारा, म्हणून गावातलाच माणूस मागा, ट्रॅक्टरवाला त्याचं ऐकतो, आपल्या शिट्टीचं नाही.

आदल्या दिवशी दुपारीच पोहोचायचं आणखी एक कारण म्हणजे फिनिश लाइन. नियमाप्रमाणे ती ७२ सेंटीमीटरची पांढरी पट्टी असते आणि मधोमध ४ सेंटीमीटरची काळी रेघ, म्हणजे दोन्ही बाजूंना ३४-३४ पांढरं. पुढच्या चाकाच्या टायरची कड या रेघेवर उभ्या असलेल्या काल्पनिक भिंतीला लागली की रायडर आला, त्याचं डोकं, हात, छाती काही धरायचं नाही. आता हा पेंट संध्याकाळी मारला तर रात्री दव पडतं, डांबर ओलं होतं, आणि सकाळी पहिल्या मोटरसायकलच्या टायरला चिकटून अर्धी रेघ पुढे गेलेली असते. दुपारी चारच्या आत, रोड गरम असताना मारून घ्या.

संध्याकाळी मॅनेजर मीटिंग, नंबरवाटप, लायसन्स चेक, यात विशेष काही नाही, सीनियर सांगतील तसं करा. फक्त कपड्यांचं तिथेच स्पष्ट बोलून घ्या, कारण थंडीत निम्मी पोरं जर्सीवर विंडचीटर घालून स्टार्टला येतात आणि पाठीवरचा नंबर गायब. नंबर दिसलाच पाहिजे, पारदर्शक जॅकेट घाल नाहीतर वरच्या कपड्याला नंबर लाव. दुसरं ते माकडटोपीचं. माकडटोपीवर हेल्मेट चढवतात, ते वर तरंगतं आणि पट्टा हनुवटीला लागतच नाही. २००३ ला पॅरिस-नीस रेसमध्ये आंद्रेई किविलेव नावाचा रायडर पडून वारला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, त्यानंतर यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, हेल्मेट सक्तीचं केलं, तेव्हा यात दयामाया नाही. आत पातळ कापडी टोपी चालते. पोरं रुसतात, रुसू द्या.

आता तुमच्या स्वतःच्या अंगावर काय. पायात दोन जोड मोजे आणि जाड तळाचे बूट, थंडी डांबरातून वर चढते. कानटोपी अशी की वॉकीटॉकी ऐकू येईल. हातमोजे बोटं कापलेले, नाहीतर लिहिणार कसं? आणि पेन नाही, पेन्सिल! दवाने कागद ओलसर होतो, बॉलपेन घसरतं, पेन्सिल चालते. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाझप उतरते, तसंही घाटात रेंज येते-जाते. मोटरसायकलवर मागे बसायची ड्युटी लागली तर शर्टाच्या आत छातीवर पेपर घाला, जुन्या काळी युरोपातले रायडर डोंगर उतरताना हेच करायचे आणि आपले दूधवाले आजही करतात.

नवख्याला बहुतेक फिनिशला बसवतात. तिथे दोघांची जोडी हवी, एक फक्त नंबर वाचतो, मोठ्याने, दुसरा फक्त लिहितो आणि मान वर करत नाही. दोघांनी वाचायचं नाही आणि दोघांनी लिहायचं नाही. दहा-बाराचा घोळका एकदम आला की "सत्तेचाळीस, बारा, तीस, एक सुटला, नऊ" असं चालतं, सुटलेल्याची जागा मोकळी ठेवायची, नंतर व्हिडिओवर बघून भरायची. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवाच. कॅमेरा रेघेच्या अगदी सरळ रेषेत हवा, एक हात बाजूला सरकला तरी दुसरा आलेला पहिला दिसतो आणि मग भांडणं. धुकं असेल तर नंबर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, तेव्हा जर्सीचा रंगही लिहून ठेवा.

रेसच्या मागून येणारी शेवटची गाडी, हिरव्या झेंड्याची, येईपर्यंत जागा सोडायची नाही. यात खरी परीक्षा होते, कारण पहिले येऊन गेले की मंडप रिकामा होतो, चहा संपतो, आणि रोडवर बैलगाडी धरून उभा असलेला बाबा विचारत राहतो, "आखो कितला बाकी शेतस भाऊ?" म्हणजे अजून किती बाकी आहेत. त्याला नीट उत्तर द्या, त्याची वाट आपण अडवलेली असते.

पैशाचं विचाराल तर प्रवासखर्च, राहणं-जेवण आणि थोडंफार मानधन, तेही उशिरा. यावर घर चालत नाही, नोकरी-शेती सांभाळूनच करायचं. पुढे जायचं असेल तर आधी मार्शल, मग फिनिश, मग सायकलिंग फेडरेशनचा नॅशनल कमिसेअरचा, म्हणजे रेसच्या पंचाचा, कोर्स आणि परीक्षा, त्यापुढे यूसीआय, तिथे इंग्रजी किंवा फ्रेंच लागतंच. मार्शलगिरी न करता थेट कोर्सला बसलेले लोक नियम पाठ म्हणतात पण घोळका आला की गडबडतात, हे माझं मत.

आणि रिझल्टवर सही होऊन तक्रारीचा वेळ संपेपर्यंत जेवायला बसू नका. समोर भरीत आणि कळण्याची भाकरी आली की मॅनेजर लोक बरोबर तेव्हाच शीट घेऊन येतात, आणि तेलकट हाताने केलेली दुरुस्ती नंतर कोणालाच वाचता येत नाही.