कुलूप जबड्याला, भार वर्मला: लॉकवाला ॲडजस्टेबल पाना कसा आखायचा

आधी पाना हातात घ्या. साधा १० इंची ॲडजस्टेबल. १९ मिमीच्या नटवर बसवा आणि अंगठ्याने वर्म (जबडा पुढे-मागे करणारा आटेदार स्क्रू) फिरवत जबडा पैलूंना बिलगेपर्यंत आवळा. मग पाना नटवरून ओढून काढा आणि वर्मला अजिबात हात न लावता हलता जबडा बोटाने आत-बाहेर करा. टक, टक. वर्म तर जागचा हललेला नाही, मग जबडा कसा हलतो?

हा 'टक' कुठून येतो ते कळल्याशिवाय लॉक आखायला बसू नका. मी बसले होते. मशीन मेंटेनन्समध्ये माझी बरीच वर्षं गेली. जुन्या जर्मन मापाचा एम १२ नट (१२ मिमीच्या बोल्टचा) १९ चा, आयएसओ मापाचा १८ चा, आणि दोन्ही एकाच मशीनवर. तेव्हा ॲडजस्टेबल पाना खिशातून बाहेर ठेवून भागत नाही. एकदा अडचणीच्या जागी पाना नटवरून सटकला, नटचे कोपरे गेले आणि माझ्या बोटांची सालटी पण. त्या रागात मी पहिला लॉक केला: वर्मच्या नर्लिंगमध्ये (बाहेरच्या खरखरीत खाचांत) अडकणारी एक छोटी खिट्टी. दिसायला फार सुरेख. उपयोग जवळपास शून्य. वर्म फिरायचा थांबला, जबडा होता तसाच टकटकत राहिला.

म्हणून हे सगळं त्या खिट्टीच्या पुढचं आहे.

वर्म आपणहून फिरतच नाही

हलता जबडा खोबणीत सरकतो. त्याच्या बुडाशी गोल दांडी असते, दांडीला खालून दाते, आणि त्या दात्यांत वर्मचे आटे बसलेले. १८४२ च्या सुमारास इंग्लंडात रिचर्ड क्लायबर्नने स्क्रूवर चालणारा पाना केला, आणि १८९२ मध्ये स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनने ज्या पान्याचं पेटंट घेतलं त्याची मांडणी आजही जवळपास तशीच आपल्या हातात आहे.

माझ्या पान्याच्या वर्मचा पिच (शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर) ३ मिमी आणि सरासरी व्यास ११ मिमी. आट्याचा चढ काढला तर तो साधारण ५ अंश येतो. तेलकट स्टीलवर स्टील घासताना घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर घर्षणाचा कोन साडेआठ अंश. चढ घर्षणाच्या कोनापेक्षा कमी असला की जबडा कितीही ढकलला तरी वर्म उलटा फिरत नाही. कुलूप त्यात जन्मतःच आहे. तो फिरतो तो आपलं बोट चुकून लागल्यामुळे, किंवा भार नसताना खडखडून. खिट्टीने तेवढंच थांबतं.

खरा चोर म्हणजे फट. आणि ती एक नाही, तीन आहेत: वर्म ज्या खाचेत बसतो त्या खिडकीत वर्मच्या बाजूला असलेली, वर्मचे आटे आणि दांडीचे दाते यांच्यातली, आणि खोबणीत दांडीच्या भोवतीची. तिसरीमुळे जबडा सरकत नाही, कलतो.

मोजायचं कसं

दांडा व्हाइसमध्ये धरा. पाना १९ ला उघडा. जबडा बोटाने आत दाबून व्हर्नियरने उघडीप मोजा, मग बाहेर ओढून मोजा. हे दोनदा करायचं: एकदा जबड्याच्या बुडाशी, एकदा शेंड्याशी. माझ्या पान्यात बुडाशी ०.३२ मिमीचा फरक आला, शेंड्याशी ०.५०. वर्मच्या बाजूला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर ०.२० ची पट्टी गेली. म्हणजे पहिली फट ०.२०, दात्यांतली ०.१२, आणि उरलेले ०.१८ हे कलण्याचे. आकडे कागदावर लिहून ठेवा, शेवटी लागतील.

कलण्याचा हिशोब सोपा आहे. खोबणीतली फट गुणिले जबड्याची उंची, भागिले दांडीची खोबणीतली लांबी. माझ्याकडे फट ०.१५, उंची ३०, आणि १९ च्या उघडीपीला दांडी २५ मिमी आत. उत्तर ०.१८, म्हणजे मोजमापाशी जुळलं. आता पाना आणखी १० मिमी उघडला तर दांडी तेवढीच बाहेर येते, आत राहतात फक्त १५, आणि कलणं होतं ०.३०. पूर्ण उघडलेला पाना सगळ्यात जास्त डगमगतो तो यामुळेच. नवीन पाना आखत असाल तर दांडी जितकी लांब करता येईल तितकी करा, आणि रोजचं माप उघडीपीच्या पहिल्या अर्ध्यात येईल असा आकार निवडा. लॉक लावण्याआधीच अर्धं काम इथे होतं.

अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतं? १९ च्या नटचा एक पैलू साधारण ११ मिमी लांब. ०.५ मिमीची फट असेल तर कोपरे जबड्याला टेकेपर्यंत पाना सुमारे पावणेतीन अंश रिकामा फिरतो. मग सगळा भार पैलूवर नाही, दोन कोपऱ्यांवर. दांड्यावर नटपासून २०० मिमी अंतरावर ३०० न्यूटनने ओढलं, म्हणजे ६० न्यूटन मीटर. ते ११ मिमीच्या अंतरावर पेलायचं तर प्रत्येक कोपऱ्यावर जवळपास ५,४५० न्यूटन. साडेपाच क्विंटल वजन एका कडेवर ठेवल्यासारखं. हा आकडा लक्षात ठेवा.

कागदाचा पाना

पुठ्ठ्यातून पान्याचं डोकं कापा, हलता जबडा वेगळा कापा, मध्ये षट्कोनी नट ठेवून टाचणीने मधोमध टोचा. जबडा थोडा सैल ठेवून पाना फिरवा आणि कुठे टेकतो ते पेन्सिलने खुणा करत जा. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण ज्या मुलांना मी शिकवते त्यांच्याकडून मी तो करूनच घेते.

दांडा हलत्या जबड्याच्या बाजूला ओढायचा हा नियम सगळ्यांना पाठ असतो. बरोबरही आहे: तसं केलं की हाताची ओढ स्थिर जबडा घेतो. पण खुणा पाहा. त्या दिशेला हलत्या जबड्यावरचा दाब शेंड्याकडे येतो. उलट दिशेला बुडाकडे येतो, पण मग हाताची ओढही त्याच्याच डोक्यावर. दोन्हीकडे जबडा बाहेरच ढकलला जातो. योग्य दिशेला ओढलं म्हणून जबडा कलायचा थांबत नाही.

इथेच एका मुलाने विचारलं होतं, "ताई, मग एक दणकट स्क्रू लावून जबडा घट्ट दाबून टाकला तर?"

हिशोब करू. एम ५ चा स्क्रू, त्याला २५ मिमीची छोटी दांडी, बोटाचा जोर २० न्यूटन. अर्धा न्यूटन मीटर. त्यातून स्क्रू साधारण ५०० न्यूटनने दाबतो. स्क्रूच्या टोकापुढची पितळेची टिकली एका बाजूने, खोबणीची भिंत दुसऱ्या बाजूने, दोन्हीकडचं घर्षण मिळून १५० न्यूटन. समोर ५,४५०. छत्तीसपट कमी! घर्षणाचं कुलूप भार पेलूच शकत नाही. पण जबड्याचं स्वतःचं वजन एक न्यूटनही नाही, आणि वर्मची स्प्रिंगही नाजूक. त्यांच्यासमोर १५० न्यूटन म्हणजे पहाड.

तेव्हा कामं वाटून द्या. भार दाते आणि वर्म घेतील, आजवर घेत आलेत तसा. लॉकने फक्त जबडा जिथे आहे तिथे धरून ठेवायचा. आणि 'जिथे आहे' ती जागा कोणती? नटवर आवळलेली. आवळताना नट जबड्याला बाहेर रेटतो, त्यामुळे तिन्ही फटी आपोआप त्याच बाजूला जातात ज्या बाजूला पुढे भार येणार आहे. त्या क्षणी लॉक करायचं. बरेच जण स्प्रिंग लावून जबडा आत दाबतात, वाटतं की घट्ट झाला. तो नेमका उलटा उपाय आहे; भार आला की सगळी फट पुन्हा उघडते.

लॉक कुठे आणि कसा

स्क्रूची जागा वर्मची खिडकी आणि खोबणीचं तोंड यांच्या मध्ये, डोक्याच्या सपाट बाजूला. कारण उघडीप कितीही असो, दांडी तिथे असतेच. स्थिर जबड्याच्या बुडाशी चुकूनही भोक पाडू नका. सगळ्यात जास्त ताण तिथे असतो.

तयार पान्याला भोक पाडायचा मोह होईल. १० इंची पान्यात दांडीच्या बाजूला जेमतेम दोन-अडीच मिमी भिंत उरते. एम ५ चा पिच ०.८, म्हणजे तीन आटे. दोन दिवसांत ते आटे जातील आणि भिंत कमजोर झाली ती झालीच. शिवाय स्टील पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं, साधं ड्रिल त्यावर नुसतं किंचाळतं. वेल्डिंग करून तिथे जाडी वाढवणं तर त्याहून वाईट, कारण उष्णतेने पाणी उतरतं.

नवीन डोकं आखताना मात्र त्या जागी एका बाजूला उंचवटा द्या, भिंत एकूण ५ मिमी होईल इतका. सहा आटे मिळतात. किंमत म्हणजे त्या बाजूने पाना अरुंद जागेत शिरणार नाही. मी हे स्वीकारलं. तुमचं काम सगळं सांदीकोपऱ्यातलं असेल तर कदाचित तुम्ही स्वीकारू नये.

नमुना आधी लाकडात किंवा ॲल्युमिनियममध्ये करा, दांडी-खोबण नीट सरकते का ते पाहण्यापुरता. त्यावर नट आवळू नका. खरा पाना मध्यम कार्बनच्या स्टीलमध्ये, ०.४ टक्क्यांच्या आसपास. भोकं, आटे, खोबण, सगळं मशीनिंग मऊ असताना, पाणी शेवटी. जबडा नुसता कडक करून सोडू नका, टेंपरिंग करा (पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढा), नाहीतर काचेसारखा तुटेल. खोबण आणि दांडी जुळवताना दांडीला मार्किंग ब्ल्यू लावून सरकवा आणि जिथे निळं पुसलं जाईल तिथेच बारीक कानस फिरवा. हे कंटाळवाणं आहे, माझी एक अख्खी दुपार गेली, पण ०.१५ ची फट ०.०८ वर आली. पाणी दिल्यावर दांडी किंचित वाकडी होऊ शकते, तेव्हा पुन्हा एकदा पाहा.

स्क्रूच्या पुढे पितळेची टिकली हवीच. स्टीलचं टोक थेट दांडीवर आलं की पहिल्याच दिवशी खळगा पडतो, आणि मग जबडा जवळच्या मापाला न थांबता त्या खळग्यात जाऊन बसतो. स्क्रूची छोटी दांडी पाव फेऱ्यात आवळली जावी आणि आवळल्यावर पान्याच्या दांड्याच्या रेषेत यावी. ती भलतीकडे थांबत असेल तर टिकली थोडी घासा, अंदाज चुकून जास्त घासली तर मागे पातळ पट्टी घाला. ही छोटी दांडी बाहेर राहिली तर बाहीत अडकते.

वापरायची रीत

नटवर आवळायचं. मग वर्म फेऱ्याच्या सुमारे वीसाव्या भागाएवढा उलटा: ३ मिमी पिचला ०.१५ मिमी, म्हणजे पाना चढायला-उतरायला जागा मिळते. आता अंगठ्याने जबडा बाहेर ओढून धरायचा आणि लॉक करायचं. हे ओढणं विसरलात तर सगळी मेहनत वाया, कारण वर्म उलटा फिरवताच फटी पुन्हा मोकळ्या झालेल्या असतात. एकाच मापाचे आठ-दहा नट असतील तर आता पाना फिक्स पान्यासारखा चालतो. माप बदलताना लॉक आधी सैल करा. विसरून वर्म फिरवला तर टिकली झिजते, बाकी काही मोडत नाही. लॉक आहे म्हणून दांड्याला पाइप लावून लांबी वाढवू नका, भार दातेच घेतायत आणि दाते तेवढेच आहेत.

तपासायला ते सुरुवातीचे आकडे काढा. १९ ला लॉक करा, बुडाशी आणि शेंड्याशी माप घ्या, दांडा लाकडी ठोकळ्यावर वीस वेळा हलकेच आपटा, पुन्हा माप घ्या. लॉकशिवाय माझी शेंड्याची उघडीप ०.४ ने हलली होती. लॉक लावून ०.०५ च्या आत राहिली. त्यानंतर एम १२ चा बोल्ट व्हाइसमध्ये धरून नट ६० न्यूटन मीटरपर्यंत आवळा आणि कोपरे भिंगातून पाहा. चकाकणारी बारीक रेघ चालेल. कडेला ओठ आल्यासारखं धातू वळलेलं दिसलं तर फट अजून आहे, आणि ती बहुतेक तिसरी असते. पुन्हा निळं लावा.