परीकथांची कार्डं आणि त्यांची ॲप्स कशी वापरायची: पुस्तिका बाजूला, गोष्ट आधी

टॅरो, म्हणजे चित्रांच्या कार्डांवरून मनातल्या प्रश्नाचा विचार करायची पद्धत, शिकायचीय पण ७८ कार्डांचं पाठांतर बघून धडकी भरते असं म्हणणारे ठाण्यात मला बरेच भेटतात, त्यांना मी सरळ सांगते की परीकथांच्या डेकपासून, म्हणजे कार्डांच्या संचापासून, सुरुवात करा. सिंड्रेला तुम्हाला माहितीये, हिमगौरी माहितीये, लांब केसांची रॅपन्झेल माहितीये, म्हणजे अर्धं काम लहानपणीच झालंय. फक्त एक सवय लावून घ्यायची, कार्ड निघालं की डेकसोबत येणाऱ्या पुस्तिकेतला अर्थ शोधायला धावायचं नाही, आधी ती गोष्ट आठवायची आणि विचारायचं की या गोष्टीत आत्ता मी कुठे उभी आहे. बाकी डेक कुठला, ॲप कुठलं हे सगळं त्याच्यानंतर.

आणि हेही आधीच सांगते, लग्नाची तारीख, परीक्षेचे मार्क, आजाराचं निदान यासाठी मी कार्डं काढत नाही आणि तुम्हीही काढू नका. तब्येतीसाठी डॉक्टर आहेत. कार्डं चांगली चालतात ती मनात गुंता झालाय आणि त्याचं टोक सापडत नाहीये अशा वेळी.

डेक घेताना काय बघायचं

परीकथांचे डेक मुख्यतः दोन प्रकारचे. एक टॅरोच्या साच्यातले, त्यात ७८ कार्डं, २२ मोठी म्हणजे मेजर आणि ५६ छोटी, छोट्यांचे चार गट प्रत्येकी १४ चे. यातल्या बऱ्याच डेकची चित्रं १९०९ साली लंडनमध्ये आलेल्या रायडर डेकवर बेतलेली असतात, ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली होती, फक्त इथे 'द फूल' या कार्डावरच्या वेड्या मुशाफिराच्या जागी लाल टोपीवाली मुलगी वगैरे दिसते. दुसरा प्रकार ऑरॅकल डेक, त्याला साचाच नाही, बनवणाऱ्याला वाटलं तेवढी कार्डं. नवशिक्यांना मी ऑरॅकल सुचवते कारण एक कार्ड एक गोष्ट असा सरळ हिशोब असतो. लेनॉरमांड नावाचा ३६ कार्डांचा प्रकारही दिसेल, त्यात कोल्हा, मनोरा, किल्ली, बाग अशी चित्रं असल्यामुळे तो परीकथेसारखा वाटतो, पण त्याची वाचायची पद्धत पूर्ण वेगळी आहे, दोन-दोन कार्डं जोडून वाचतात, तेव्हा तो नंतर शिका.

ऑनलाइन घेताना नकली डेकपासून जपा. ओळखायची खूण सोपी आहे, किंमत संशय येण्याइतकी कमी, डब्यात छापील पुस्तिका नाही आणि तिच्या जागी क्यूआर कोड, कार्डं मूळ मापापेक्षा लहान, चित्राच्या कडा कापल्या गेलेल्या. असा डेक एकदा माझ्याकडे आला होता, चित्रातल्या जादूगारणीचा चेहराच पुसट, आता ज्या कार्डात बघायचंच चेहऱ्याकडे असतं तिथे याचा काय उपयोग. शिवाय चित्रकाराला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. मूळ डेक परवडत नसेल तर त्याच डेकचं अधिकृत ॲप बघा, ते बहुतेक वेळा छापील डेकपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

गोष्ट कुठली, हे आधी ठरवा

हा भाग घाईत उडवू नका, सगळी मजा इथेच आहे. एकाच परीकथेची दोन-तीन रूपं असतात आणि कार्डाचा अर्थ रूपाप्रमाणे बदलतो. सिंड्रेलाचंच घ्या. फ्रान्सच्या शार्ल पेरोने १६९७ साली छापलेल्या गोष्टीत परी येते, भोपळ्याची बग्गी होते आणि काचेचा बूट असतो. जर्मनीतल्या ग्रिम भावांच्या गोष्टीत परी नाहीच, आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आहे, पक्षी आहेत, बूट सोन्याचा आहे आणि त्या बुटात पाय बसावा म्हणून एक सावत्र बहीण अंगठा कापते, दुसरी टाच कापते, मग कबुतरं ओरडून सांगतात की बुटात रक्त आहे. आता तुमच्या कार्डावर भोपळा असेल तर अर्थ मदतीकडे जातो, बारा वाजायच्या आत काय उरकायचंय तिकडे जातो. झाड आणि पक्षी असतील तर प्रश्न वेगळाच, मी कुठे न बसणाऱ्या बुटात पाय कोंबतेय? जे स्थळ, जी नोकरी, जी जागा मापाची नाही तिच्यासाठी स्वतःला कापत तर नाहीये ना?

हिमगौरीचंही तसंच. ग्रिमच्या गोष्टीत ती राजपुत्राच्या पापीने जागी होत नाही, शवपेटी नेताना नोकर अडखळतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. म्हणजे सुटका धक्क्याने होते. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तर तिच्या जिवावर उठणारी तिची सख्खी आईच होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. आई-मुलीच्या प्रश्नावर हे कार्ड आलं की मी ही जुनी गोष्ट आवर्जून सांगते, समोरची बाई गप्प होते आणि मग बोलायला लागते. बेडूक राजाच्या गोष्टीत राजकन्या बेडकाला भिंतीवर आपटते, त्याने तो माणूस होतो, तेव्हा ते माझ्यासाठी ठामपणे नाही म्हणायचं कार्ड आहे. आणि अँडरसनची जलपरी, १८३७ ची, तिचं लग्न होत नाही, ती समुद्राचा फेस होते, म्हणून हे कार्ड आलं की तिच्यासारखा स्वतःचा आवाज मोल म्हणून देऊन काय विकत घेतेयस हे विचारायचं.

ग्रिमच्या गोष्टींचं जुनं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतं. मराठी रूपं वाचायची असतील तर लायब्ररीत शोधा, ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मेंबर असाल तर विचारून बघा. मराठी पुस्तकांत गोष्टी मुलांसाठी सौम्य केलेल्या असतात हे लक्षात ठेवा, कार्डं वाचायला दोन्ही रूपं लागतात.

प्रत्यक्ष वाचन कसं करायचं

एक उदाहरण सविस्तर देते. माझी एक मैत्रीण ऐरोलीला आयटीत आहे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जाते-येते, जॉबला कंटाळलेली. तिचा प्रश्न होता, मी जॉब सोडू का? असा हो-नाहीचा प्रश्न कार्डाला देऊ नये, तो आपण फिरवला, सोडायचा असेल तर आधी काय लागेल? कार्ड निघालं रॅपन्झेल, मनोऱ्यात कोंडलेली मुलगी, जिचे लांब केस धरून जादूगारीण वर चढते. मी तिला अर्थ सांगितला नाही, एवढंच विचारलं की चित्रात तुझी नजर पहिली कुठे गेली. ती म्हणाली, "त्या खालच्या बाईच्या हाताकडे गं, कसे घट्ट धरलेत केस." आणि मग स्वतःच म्हणाली, "सगळे माझ्याच केसांना धरून वर जातात, मलाच तेवढं खाली उतरता येत नाही." टीममधली दोन नावंही तिने लगेच घेतली.

कार्डं वाचणारे बरेच जण इथे थांबतात, पण गोष्ट अजून बाकी आहे. ग्रिमच्या गोष्टीत रॅपन्झेल राजपुत्राला सांगते की येशील तेव्हा प्रत्येक वेळी रेशमाची एक लड आण, मी शिडी विणते. एकदम सुटका नाही, दर खेपेला एक लड. मग आम्ही लडी मोजल्या, नोटिस पिरियड किती, घराचा हप्ता किती महिने निघेल, कुठलं सर्टिफिकेट अर्धवट पडलंय. आणि त्याच गोष्टीत बेत फसतो तो रॅपन्झेल जादूगारणीसमोरच बोलून जाते म्हणून. त्यामुळे ऑफर लेटर हातात येईपर्यंत ऑफिसात अवाक्षर काढायचं नाही हेही तिचं तिनेच ठरवलं. एका कार्डात एवढं निघतं, पुस्तिकेत तिथे दीड ओळ होती, स्वातंत्र्य आणि एकटेपणा अशी काहीतरी.

तीन कार्डं काढायची असतील तर भूत-वर्तमान-भविष्य या मांडणीपेक्षा मी गोष्टीच्या टप्प्यांची मांडणी वापरते. पहिलं कार्ड आटपाट नगर, म्हणजे सध्याची परिस्थिती. दुसरं जंगल, म्हणजे जिथे वाट चुकतेय ते. तिसरं मदतनीस, आणि हे नेहमी माणूसच असेल असं नाही, बचत असेल, शेजारीण असेल, रजा असेल. उलटी आलेली कार्डं परीकथांच्या डेकमध्ये मी सरळ करून घेते, ॲपमध्येही ते सेटिंग बंद ठेवते, कारण गोष्टीत वाईट भाग आधीच आहे, तो वेगळा उलटा करायची गरज पडत नाही.

आपल्या काकू-मावश्या हमखास विचारतात, मुलाच्या मनात कोण आहे ते बघ गं. अशा वेळी तिसऱ्या माणसाच्या मनातलं काढायला जायचं नाही. प्रश्न काकूंचाच करून घ्यायचा, काकू, तुम्हाला त्याच्याशी हे बोलायला काय अडतंय? यावर जे कार्ड येईल ते काकूंच्या खरंच कामाचं असतं.

ॲप वापरताना

ॲपची खरी जागा म्हणजे रोजचं एक कार्ड आणि डायरी. सकाळी लोकलमध्ये बसायला मिळालं की कार्ड काढा, पुस्तिकेचा मजकूर लगेच उघडू नका, आधी डायरीत दोन ओळी स्वतःच्या लिहा, मराठीत लिहा, टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं, गर्दीत नको असेल तर घरी. मग पुस्तिका उघडा आणि ताडून बघा. महिनाभराने मागचं वाचलंत की कुठलं चित्र तुम्हाला कधी काय म्हणतं हे तुमच्याच शब्दांत समोर येतं, आणि तुमचा खरा अर्थकोश तोच.

एकच कार्ड परत परत येतंय म्हणून घाबरू नका. ४० कार्डांच्या डेकमधून रोज एक काढलं तर आठ दिवसांत कुठलं तरी कार्ड दोनदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे साधं गणित आहे. आलं दुसऱ्यांदा, तर गोष्टीचा पुढचा टप्पा वाचा, इतकंच.

ॲप टाकताना लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तर देऊ नका, कार्ड काढायला त्याची काही गरज नसते. जन्मवेळ मागितली तरी तेच. एकदाच पैसे भरून पूर्ण डेक मिळतो ते ॲप चांगलं, आठवड्याला पैसे कापणारी टाळा. आणि हे नीट वाचा, ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करावं लागतं, यूपीआय ऑटोपे दिला असेल तर यूपीआय ॲपमध्येही तपासा. गुगल प्लेवर घेतलेलं ॲप आवडलं नाही तर ४८ तासांच्या आत पैसे परत मागता येतात, म्हणून घेतल्या दिवशीच सगळी कार्डं मोठी करून बघून घ्या. "तज्ज्ञांशी बोला" म्हणत मिनिटावर पैसे लावणारं बटण असेल तर तिकडे फिरकूच नका, मन अस्वस्थ असताना ते मीटर फार महागात पडतं. फोन बदलायच्या आधी डायरी एक्सपोर्ट होते का ते बघा.

महत्त्वाच्या प्रश्नाला मात्र मी छापील डेकच घेते. पत्ते पिसताना प्रश्न मनात मुरायला वेळ मिळतो, स्क्रीनवर बोट टेकवलं की कार्ड हजर, तो वेळच मिळत नाही.

कार्डं सांभाळणं

ऑरॅकलची कार्डं मोठी असतात, रमीच्या पत्त्यांसारखी पिसायला गेलात तर वाकतात. चटईवर किंवा चादरीवर सगळी उपडी पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर गोल कालवा, गोळा करा, झालं. खरा शत्रू पावसाळा. जुलैत आपल्याकडे हवाच ओली असते, कार्डं एकमेकांना चिकटतात, पापडासारखी वळतात, बुरशीही धरतात. कापडी बटव्यापेक्षा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, नव्या चपला-बुटांच्या खोक्यात येतात त्याच. पौर्णिमेला चांदण्यात ठेवायची असतील तर पावसाळा सोडून ठेवा, खिडकीत रात्रभर राहिलेला डेक सकाळी हमखास फुगलेला मिळतो. आणि वडापाव खाल्लेले हात धुवून, पुसून मगच कार्डांना लावा.

स्वतःचा मराठी डेक

थोडा हात बसला की हे जरूर करा. चिऊ-काऊ, म्हातारी आणि भोपळा, उंदराची टोपी, टोपीवाला आणि माकडं, या गोष्टी आपल्याला पाठ आहेत आणि त्यात वाचायला भरपूर आहे. मेणाचं घर आणि शेणाचं घर, काऊ दार ठोठावतोय आणि चिऊ म्हणतेय थांब माझ्या बाळाला तीट लावते, यात दार उघडायला उशीर करणारी चिऊ मी आहे की भिजणारा काऊ मी आहे, हा प्रश्न नात्यांच्या बाबतीत नेमका बसतो. भोपळ्यातली म्हातारी तर हुशारीने वेळ मागून घेण्याचं कार्ड आहे, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, मग मला खा.

सुरुवातीला १२ कार्डं पुरेत. प्रत्येक गोष्टीतला एकच क्षण निवडा, पूर्ण गोष्ट एका चित्रात कोंबू नका. चित्र स्वतः काढा किंवा घरातल्या लहान मुलांकडून काढून घ्या, फोनवर स्कॅन करा आणि स्टेशनजवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदावर छापून घ्या. मागच्या बाजूला सगळ्या कार्डांवर एकच डिझाइन हवं, त्यात वर-खाली ओळखू येईल असं काही नको. मॅट लॅमिनेशन सांगा, ग्लॉसी असेल तर पावसाळ्यात जास्त चिकटतात. कोपरे गोल कापून घ्या, चौकोनी ठेवलेत तर कालवताना आधी टोकंच दुमडतात आणि मग कुठलं कार्ड ते मागूनच ओळखू यायला लागतं.