उतरत्या पाण्यातला गळ: होळीपासून वळवापर्यंत धरणाच्या फुगवट्यावर

थंडीत रोहू, कटला, मृगळ खोलात सुस्तावलेले असतात, चाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. होळी झाली की पाणी तापायला लागतं. साधारण 25 ते 30 अंशांच्या पाण्यात हे मासे मनापासून खातात. याच दिवसांत कालव्याची आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी सोडायच्या पाण्याच्या पाळ्या, सुटतात आणि धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या साताऱ्याकडच्या सगळ्या धरणांचं पाणी उतरायला लागतं. उन्हाळ्यात मासा न लागण्याचं खापर बहुतेक जण चाऱ्यावर फोडतात. खरी चूक जागेत असते. गेल्या महिन्यात जिथं मासा लागला तिथं आता गुडघाभर पाणी उरलेलं असतं, आणि माणूस तिथंच बसून पेंड बदलत राहतो.

म्हणून आधी परवानगी, मग जागा, मग सामान. बहुतेक जलाशयांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असते. काठावर जाळी सुकत असतील तिथं चौकशी करायची आणि गळाची पावती फाडून घ्यायची. कोयनेच्या शिवसागराचा आणि शिराळ्याकडच्या चांदोलीच्या वसंतसागराचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथं गळ घेऊन जायचंच नाही. भिंतीजवळ आणि वीजगृहाच्या खाली बसायलाही मनाई असते. ती रास्तच आहे, कारण वरून पाणी सुटलं की नदीपात्रात उतरलेल्या माणसाला सामान गोळा करायलाही सवड मिळत नाही.

जागा बघायला काठ सोडून थोडं उंचावर जायचं. उघड्या पडलेल्या जमिनीवर शेताचे जुने बांध, ओढ्याची घळ, गाडीवाट, पडक्या घरांची जोती, बाभळीची खोडं दिसतात. यातली जी रेघ पाण्यात शिरते ती पाण्याखालीही तशीच पुढं जाते. ओढ्याची घळ ही माशांची ये-जा करायची वाट. दिवसा ते घळीच्या तळाशी असतात, पहाटे आणि संध्याकाळी घळीच्या कडेनं वर उथळात चरायला येतात. गळ पडायला हवा तो या कडेवर. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की अशा जागांचे फोटो काढून ठेवावेत, समोरच्या डोंगराची किंवा विजेच्या खांबाची खूण धरून. दिवाळीनंतर धरण भरलेलं असताना हेच फोटो उपयोगी पडतात.

पाणी किती उतरतंय हे कळायला पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी खोचायची. रात्रीतून पाणी वीतभर मागं सरकलं तर काळजी नाही. चार-पाच हात सरकलं असेल तर आवर्तन जोरात आहे असं समजायचं. मग मासा उथळ जागा सोडतो आणि पहिल्या उतारावर जातो. तेव्हा गळही तितकाच पुढं टाकावा लागतो. नुसत्या सपाट काठावर मात्र पाणी थोडं उतरलं तरी कडा लांब पळते, त्यामुळं काटकी जरा चढाच्या जागी लावावी.

पाण्याखाली काय आहे हे शिशाकडून कळतं. 30 ग्रॅमचं शिसं गळाशिवाय बांधून फेकायचं आणि ते तळाला टेकेपर्यंत आकडे मोजायचे. मग तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ताणून हळूहळू ओढायचं. मुरूम असेल तर दांडीत खडखड जाणवते. गाळ असेल तर शिसं जड होऊन येतं आणि मध्येच सुटतं. खोड असेल तर अडकतं, म्हणजे तिथून दोन-तीन हात बाजूला टाकायचं. मुरूम संपून गाळ सुरू होतो ती सांध सगळ्यांत चांगली, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तिथं तळ उकरत असतात.

सामानाला फार खर्च नको. 10 ते 12 फुटी दांडी, 4000 आकाराचं रीळ, 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा तंगूस. तळाच्या माशांना 4 ते 6 नंबरचा गळ, 30 ते 40 ग्रॅमचं मधून भोक असलेलं शिसं, त्याखाली एक मणी, गिरकी (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि पुढं वीतभर ते फूटभर तंगुसाला गळ. शिसं तंगुसावर मोकळं सरकलं पाहिजे. ते गाठीनं पक्कं केलं तर माशाला ओढताना वजन लागतं आणि तो चारा थुंकतो.

गाठ मारताना तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या छोट्या फासातून काढायचं, मग त्यानं तयार झालेल्या मोठ्या फासातून काढून हळूहळू आवळायचं. आवळण्याआधी गाठ थुंकीनं ओली करायची. कोरडी आवळली की घासून तापते, तंगूस तिथंच अशक्त होतो आणि नेमका मोठा मासा लागला की गाठीवर तुटतो. तुटलेल्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी दिसली तर गाठ सुटली असं समजायचं. टोक सरळ आणि खरबरीत असेल तर दगडावर घासलं आहे.

चारा दोन प्रकारचा लागतो. पाण्यात टाकायचा चारा फुटणारा हवा, गळाचा टिकणारा. टाकायच्या चाऱ्याला शेंगपेंड अर्धा किलो, भाजलेला मक्याचा भरडा पाव किलो, भाताचा बारीक कोंडा पाव किलो, गूळ 50 ग्रॅम आणि भाजून कुटलेली बडीशेप दोन चमचे. पेंड आदल्या रात्री भिजवायची, बाकीचं काठावर गेल्यावर धरणाच्याच पाण्यात कालवायचं. लिंबाएवढा गोळा बादलीतल्या पाण्यात सोडून बघायचा. पाच ते दहा मिनिटांत सुटून पसरला तर बरोबर. लगेच फुटला तर पाणी कमी पडलंय किंवा नीट दाबला नाही. अर्ध्या तासानंही घट्टच असेल तर पाणी जास्त झालंय, कोंडा वाढवा. सुरुवातीला आठ-दहा गोळे एकाच जागी टाकायचे, नंतर अर्ध्या तासानं एक-दोन. जास्त टाकलं की मासा पोट भरून निघून जातो.

गळाला उकडलेला मका किंवा कणकेचा गोळा लावायचा. कणीक पुरीपेक्षा घट्ट मळायची, त्यात मूठभर पेंडीचं पीठ घालायचं आणि दहा मिनिटं उकडून पुन्हा मळायचं. कच्ची कणीक चिलापी दोन मिनिटांत कुरतडून नेते. फ्लोट (दोऱ्यावरचा तरंगता बोंडा) सारखा थरथरतोय आणि गळ रिकामा येतोय म्हणजे चिलापीच. तेव्हा मक्याचे दोन-तीन दाणे ओवावेत. किंवा मुकाट्यानं 10 नंबरचा गळ आणि गांडूळ लावून तीन-चार फुटांवर चिलापीच धरावी. कालवणाला काही वाईट नाही.

कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात चरतो. त्यामुळं तळावर टाकलेल्या चाऱ्याला तो सहसा येत नाही. त्याच्यासाठी फ्लोट लावून गळ तीन ते सहा फुटांवर लटकता ठेवायचा आणि चारा जास्त बारीक, पाण्यात धुरळा करणारा करायचा. त्याचे ओठ मऊ असतात. जोरात हिसका दिला तर गळ ओठ फाडून निघतो. फ्लोट बुडाला की दांडी नुसती ठामपणे उचलायची.

दुपारनंतर बहुतेक दिवशी पश्चिमेचा वारा सुटतो. वरचं पाणी आणि त्यातलं खाद्य पूर्वेच्या काठाला ढकललं जातं. लाटा अंगावर येतात, फेकायला त्रास होतो, तरी संध्याकाळी तिथंच बसावं. पहाटे पाणी निवांत असतं तेव्हा घळीची कड बरी.

रिळाचा ब्रेक घरीच लावून घ्यायचा. तंगूस 6 किलोचा असेल तर ताणकाट्यावर दीड ते दोन किलोला रीळ सुटलं पाहिजे. मासा काठाजवळ येऊन माणूस बघतो तेव्हा शेवटची मुसंडी मारतो, आणि बहुतेक मासे तेव्हाच जातात. त्या वेळी ब्रेक थोडा सैल करायचा. पाटी किंवा जाळं आधीच पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मासा डोक्याकडून त्यावर ओढायचा. जाळं घेऊन माशामागं धावायचं नाही. दांडी टेकवून जेवायला बसलात तर तिला दोरीनं दगडाला बांधा. सायप्रिनस दांडीसकट घेऊन जातो.

मरळ वेगळी. ती पाण्यावर येऊन हवा घेते, त्यामुळं शेवाळ आणि पाणवेली असलेल्या कोपऱ्यात बुडबुडा किंवा गोल उठलेला दिसतो. रबरी बेडूक, 15 किलोची विणलेली दोरी, आणि हिसक्याआधी मनात दोन आकडे. जिवंत बेडूक लावू नये, त्यात कायद्यानं संरक्षित जातीही येतात. लालसर पिलांचा थवा पाण्यावर दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. ते लगेच चावतात, पण त्यांना धरलं तर बाकीचे मासे पिलांना फस्त करतात, म्हणून तिथून गळ उचलावा.

गाळाची खरी भीती उन्हाळ्यातच असते. वरून भेगा पडून सुकलेला दिसतो, खाली मांडीभर लगदा. अडकलेला गळ सोडवायला त्यात उतरू नये, तंगूस हाताला न गुंडाळता काठीला गुंडाळून मागं चालत जावं, तुटला तर तुटला. बुडालेल्या विहिरीही याच पट्ट्यात असतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग दाटून गडगडाट ऐकू आला की कार्बनची दांडी खाली ठेवून काठ सोडायचा. तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखालून जाताना दांडी आडवी धरावी.

मे अखेरीला पोट फुगलेल्या माद्या लागतात. पावसाळ्यात त्या अंडी सोडणार असतात, म्हणून हात ओला करून गळ काढावा आणि परत सोडाव्यात. जो घरी न्यायचा तो तिथंच मारून कल्ले आणि आतडी काढायची, पोट धुवायचं आणि बर्फ नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचा. न साफ केलेला मासा एप्रिलच्या उन्हात दोन-तीन तासांत खराब होतो. उतरत्या पाण्यातल्या मृगळाला आणि चिलापीला चिखलाचा वास येतोच. तुकडे मीठ-हळद लावून, चिंचेच्या कोळात किंवा आंबट ताकात अर्धा तास ठेवून धुतले की तो बराचसा जातो.