छोटी व्याख्याने मोबाइलवर ऐकताना

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेमुळे तासभर बसून व्याख्यान ऐकण्याची सवय पुण्याला जुनीच आहे. परंतु बाहेरगावाहून येऊन पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणारा आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी रात्री ऐकतो ती बहुधा मोबाइलवरची दहा-पंधरा मिनिटांची व्याख्याने. महाविद्यालयात शिकवताना अशा विद्यार्थ्यांसोबत मीही ती वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि ती ऐकण्याचीही एक रीत असते, असे माझे मत झाले आहे.

सर्वांना ठाऊक असलेले नाव टेडचे. निरनिराळ्या विषयांवरच्या छोट्या भाषणांची ही परिषद १९८४ मध्ये पहिल्यांदा भरली, २००६ पासून तिची भाषणे इंटरनेटवर विनामूल्य मिळू लागली आणि वक्त्याला अठरा मिनिटांची मर्यादा असल्यामुळे पाल्हाळाला वाव उरला नाही.

नवख्याने सुरुवात अरविंद गुप्ता यांच्यापासून करावी, असे मी सुचवतो. आयआयटी कानपूरमधून शिकून पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी केलेल्या आणि पुढे आयुका या तिथल्याच खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करणाऱ्या या माणसाचे भाषण नुसते पाहू नये. शेजारी आगपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेऊन बसावे. नळीच्या तुकड्यांनी तीन काड्या जोडल्या की त्रिकोण होतो आणि तो दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलंडून तिरका होतो. रेल्वेच्या लोखंडी पुलाला जागोजागी त्रिकोण का असतात, हे त्यानंतर कोणाला सांगावे लागत नाही. यासाठी व्हिडिओ चार वेळा थांबवावा लागला तरी हरकत नाही.

हान्स रोझलिंग या स्वीडिश डॉक्टरांचे २००६ चे भाषण मात्र वेगळ्या प्रकारे ऐकावे लागते. पडद्यावरच्या आलेखात एकेक देश दाखवणारे बुडबुडे सरकू लागण्यापूर्वीच व्हिडिओ थांबवून आडव्या अक्षावर काय आहे, उभ्या अक्षावर काय आहे आणि बुडबुड्याचा आकार काय दाखवतो, हे वहीत लिहावे. एरवी वक्त्याच्या उत्साहाने आपण हसतो, टाळ्याही वाजवतो आणि आलेख न वाचताच पुढे जातो. इंग्रजी उच्चार कानावर बसेपर्यंत इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवावीत. दीडपट वेगाने ऐकून वेळ वाचतो, ही समजूत मला फारशी पटत नाही, कारण वक्ता जिथे क्षणभर थांबतो तिथेच बहुधा श्रोत्याला विचार करायचा असतो. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय तर पहिल्याच दिवशी बंद करावी.

रंगतदार बोलणे आणि सिद्ध झालेले शास्त्र यांत अंतर असू शकते, हेही ध्यानात असावे. ऐटीत, अंग पसरून दोन मिनिटे उभे राहिल्याने शरीरातील संप्रेरके बदलतात, असे सांगणारे २०१२ चे एक भाषण अतिशय गाजले. पुढे अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात संप्रेरकांवर तसा परिणाम आढळला नाही. म्हणून भाषणातला एखादा दावा मुलाखतीत किंवा निबंधात वापरण्यापूर्वी त्यामागचा मूळ प्रयोग किती जणांवर झाला आणि तो पुन्हा कोणी करून पाहिला का, एवढे तरी शोधावे.