मळेमालकांची राजकीय सत्ता कागदावर कशी मांडावी: बार्बाडोसचा तक्ता

नाशिकमधल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आणि अभ्यासगटांनी “वसाहतीत मळेमालक बलाढ्य होते” एवढ्यावर थांबू नये. ती सत्ता कोणत्या खुर्चीतून चालत होती, हे दाखवता आले पाहिजे. त्यासाठी एकच बेट आणि एकच काळ धरा. कॅरिबियनमधले इंग्रजांचे ऊसमळ्यांचे बेट बार्बाडोस, १६४० ते १६९०, हे सोयीचे. बेट जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचे, नाशिक जिल्ह्यात पस्तीस वेळा मावेल असे. त्यामुळे घराणी मोजकी आणि हाताशी राहतात.

ड्रॉइंग शीट आडवा घेऊन सहा रकाने आखा: नाव, पॅरिश (बेटाचा प्रशासकीय विभाग), एकर, गुलामांची संख्या, पदे, सोयरीक. पदे चार ठिकाणी शोधा: असेंब्ली (निवडून आलेले सभागृह), गव्हर्नरचे कौन्सिल (सल्लागार मंडळ), न्यायासन आणि मिलिशिया (स्थानिक नागरी फौज). पॅरिश ११, प्रत्येकातून दोन, म्हणजे असेंब्लीत २२ सदस्य. एकच आडनाव दोन-तीन ठिकाणी आले की लाल पेन्सिलीने जोडा. सोयरिकीचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि घराण्यांची खरी गाठ तर तिथेच असते.

एकरांसाठी १६७९-८० ची जनगणना आधाराला घ्या. साठ किंवा अधिक गुलाम असलेल्या १७५ मळेमालकांकडे निम्म्याहून अधिक जमीन होती. इथे निफाड-दिंडोरीचा चार एकरांचा द्राक्ष बागायतदार डोळ्यासमोर आणू नका. उसाचा घाणा, रस आटवायच्या काहिली, सगळे मळ्यावरच लागे. तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर खराब होतो. एवढे भांडवल छोट्या शेतकऱ्याला झेपेना, म्हणून जमीन विकून तो बाहेर पडला. गोरा दिसला की मळेमालक लिहिला, ही तक्त्यातली नेहमीची चूक.

न्यायासनाला मात्र भरपूर जागा ठेवा. १६६१ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यात गुलामाला ज्यूरी, म्हणजे निवाडा देणारे पंच, नाकारली. निवाडा दोन न्यायाधीश आणि तीन जमीनधारकांनी करायचा. म्हणजे मालकवर्गच कायदा करी आणि तोच शिक्षाही ठोठावी. तक्त्यातली सगळ्यात बोलकी ओळ हीच.

तिजोरीही तपासा. गव्हर्नर राजाचा माणूस, पण स्थानिक कर मंजूर करायची असेंब्ली. बार्बाडोसने १६६३ मध्ये जमिनीचे हक्क पक्के करून घेण्याच्या बदल्यात साडेचार टक्के निर्यात कर राजाला कायमचा देऊन टाकला आणि दबावाचे एक साधन गमावले. जमैका या दुसऱ्या इंग्रज बेटाच्या असेंब्लीने मात्र राजाला कायमचा महसूल देणे थेट १७२८ पर्यंत अडवून धरले. दोन्ही ओळी शेजारीशेजारी लिहा.

पुढचा काळ घेणार असाल तर १८३३ ला तक्ता बंद करू नका. ब्रिटनने गुलामगिरी रद्द करताना दोन कोटी पौंड भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना काहीच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा या भरपाईदारांचा डेटाबेस ऑनलाइन मोफत आहे; नाव टाकून शोधता येते. मात्र त्यात ब्रिटनमध्ये राहणारे सावकार, विधवा, पाद्रीही सापडतात, तेव्हा प्रत्येकाला बेटावरचा मळेमालक समजू नका. जमैकाचा तक्ता १८६६ पर्यंत न्या: आदल्या वर्षीच्या मोरंट बेच्या उठावाने घाबरून तिथल्या असेंब्लीने आपणहून स्वतःला विसर्जित केले. बार्बाडोसची असेंब्ली मात्र पुढेही टिकली.