शेकर सुरू करण्याआधी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मातीतल्या जिवाणूंकडून अँटिबायोटिक काढायचं असेल तर आधी महिना बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 वर असतो आणि कूलिंग नसलेला शेकर (फ्लास्क सतत फिरवत ठेवणारं यंत्र) खोलीपेक्षा थंड राहूच शकत नाही. अँटिबायोटिक बनवणाऱ्या, तंतूंसारख्या वाढणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंना 28 ते 30 अंश लागतात, म्हणून दिवाळीनंतरच हात घाला.

माती कापसाच्या किंवा तुरीच्या रानातली, वरचा थर सारून चार-सहा बोटं खालची घ्या आणि सावलीत आठवडाभर वाळवा. बीजाणू टिकतात, बाकीची गर्दी घटते. पहिल्या पावसाचा मृद्गंध मुख्यतः याच कुळाने बनवलेल्या जिओस्मिन या वासाच्या द्रव्याचा, तेव्हा काळ्या रानात ते सापडतील याची खात्री बाळगा. स्टार्च केसीन अगरच्या (जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या) प्लेट आदल्या दिवशी ओतून ठेवा, बुरशी रोखायला त्यात निस्टॅटिन घाला. खडूसारख्या कोरड्या, अगरला घट्ट धरून बसलेल्या वसाहती उचला.

आता फ्लास्क. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिलीच्या वर माध्यम (जिवाणूंचं पोषक द्रावण) भरू नका. मी 25 च भरते. 30 अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरमागे साधारण 7.5 मिलिग्रॅमच विरघळतो, आणि दाट वाढलेलं कल्चर तो काही मिनिटांत संपवतं. ऑक्सिजन सतत आत यायला हवा. म्हणून तळाशी स्टीलची स्प्रिंग टाका. तिने द्रव घुसळला जातो आणि तंतूंच्या गोळ्याही फुटतात. मोठ्या गोळीच्या पोटात ऑक्सिजन पोचतच नाही. कापसाचा बोळा ठासून कोंबू नका, ओला झाला तर बदला. फेस आला म्हणून अँटिफोम ओतत सुटू नका, त्यानेही ऑक्सिजन विरघळणं मंदावतं.

इन्व्हर्टरची सोय आधीच बघून ठेवा. एकदा तिसऱ्या रात्री आमची वीज पाच तास गेली. सकाळी फ्लास्क भरगच्च दिसत होते, सातव्या दिवशी मात्र तपासणीच्या प्लेटवर झोनच नाही, म्हणजे अँटिबायोटिकने दुसरा जिवाणू मारल्याचं मोकळं वर्तुळच नाही. तोच जिवाणू पुन्हा अखंड फिरवला तेव्हा झोन स्वच्छ उमटला. त्या दिवसापासून वाढ दिसली म्हणून मी विश्वास ठेवत नाही.

तपासणीसाठी, म्हणजे ज्यावर अँटिबायोटिकचा असर बघायचा त्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचं ताजं कल्चर तयार हवं, सोबत कोऱ्या माध्यमाचा कंट्रोल. ऑक्सिजनचा परिणाम दाखवायचा तर 25, 50 आणि 100 मिली अशा प्रत्येकी तीन फ्लास्क लावा. प्रत्येकातल्या पेशी गाळून, वाळवून वजन करा, त्यासाठी फिल्टर पेपर आधीच तोलून ठेवा. नाहीतर झोन लहान आला तो जिवाणू कमी म्हणून की त्यांनी औषध कमी बनवलं म्हणून, हे सांगता येणार नाही.